‘सोपी वाट’ निवडण्यापूर्वी : वेल्समधील एररी राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगरवाटांचे परीक्षण

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींचे उन्हाळ्याचे बेत ठरू लागले की उत्तर वेल्समधल्या स्नोडनचे नाव हमखास निघते. इंग्लंड आणि वेल्स मिळून सर्वांत उंच असलेले हे १,०८५ मीटरचे शिखर मँचेस्टरहून गाडीने दोन तासांच्या अंतरावर आहे, त्यामुळे सह्याद्रीत वाढलेल्या कोणालाही ते खुणावणारच. राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्नोडोनियाऐवजी एररी आणि स्नोडनऐवजी अर विद्वा ही वेल्श नावे वापरण्याचा निर्णय घेतला. पाट्यांवर आणि माहितीपत्रकांवर आता हीच नावे दिसतात, म्हणून या लेखातही तीच ठेवली आहेत. लेखाचा विषय मात्र शिखर नसून त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा आहेत. अर विद्वावर प्रमुख म्हणाव्यात अशा सहा वाटा जातात. आपल्याकडचे बहुतेक गट ‘सर्वांत सोपी’ म्हणून त्यांतली लानबेरिसची वाट धरतात आणि संध्याकाळी ‘डोंगर ठीकच होता’ असे म्हणत परततात. माझे मत असे की त्यांना डोंगर दिसलेलाच नसतो. इथे आपण कोणती वाट निवडतो यावर कोणता डोंगर पाहायला मिळणार हे ठरते, आणि ही निवड गाडीत बसण्यापूर्वी नकाशा उघडून, निदान एक संध्याकाळ खर्चून करण्याजोगी आहे.

आधी उंचीबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. कळसूबाई १,६४६ मीटर, मग १,०८५ मीटरचे काय एवढे, असा विचार सहज मनात येतो. पण शिखराची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि प्रत्यक्ष चढावी लागणारी उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लानबेरिस गाव समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटरवर असल्यामुळे तिथून शिखरापर्यंत सुमारे ९७५ मीटर चढावे लागते, म्हणजे बारी गावातून कळसूबाई चढताना पडतात तेवढेच कष्ट इथेही पडतात. त्यात हवामानाची भर पडते. अर विद्वाच्या शेजारच्या क्रिब गोखच्या धारेवर वर्षाला सरासरी ४,४०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ब्रिटनमधल्या सर्वांत ओल्या जागांत तिची गणना होते. आपल्या घाटमाथ्यावर याहून जास्त पाऊस पडतो हे खरे, पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. इथला पाऊस बारा महिने विभागलेला असतो आणि त्याच्या जोडीला अंगातली ऊब ओरबाडून नेणारा वारा असतो. जुलैमध्ये वाहनतळावर अर्ध्या बाह्यांचा सदरा पुरेसा वाटला, तरी त्याच दिवशी माथ्यावर हातमोजे आणि कानटोपी लागू शकते. जीन्स भिजल्या की वाळत नाहीत, म्हणून त्या घरीच ठेवाव्यात. वाऱ्याला आणि पाण्याला दाद न देणारे जाकीट, उंच घोट्याचे आणि पकड असलेले बूट, कपाळावर बांधायची विजेरी आणि कागदी नकाशा एवढे तरी प्रत्येकाच्या सॅकमध्ये असावे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेचा ओएल १७ क्रमांकाचा, १:२५,००० प्रमाणाचा नकाशा अर विद्वाच्या संपूर्ण परिसरासाठी पुरतो, आणि तो भिजून फाटू नये म्हणून वेष्टणासकट घ्यावा.

आता लानबेरिसची वाट. जाऊन-येऊन साधारण साडेचौदा किलोमीटर लांबीची ही सहांपैकी सर्वांत लांब आणि सर्वांत मंद चढाची वाट आहे. जवळजवळ संपूर्ण अंतरभर ती १८९६ पासून चालणाऱ्या दातेरी रुळांच्या रेल्वेला समांतर जाते. वाट चुकण्याची शक्यता कमी, अर्ध्यावर चहाची सोय आणि दृष्टिभय जवळपास नाही, या तिच्या जमेच्या बाजू आहेत. ज्येष्ठांसोबत किंवा पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्यांसोबत जायचे असेल तर त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. मागे वळून पाहिले की तलावापलीकडे दिनोर्विग खाणीची प्रचंड पायऱ्यापायऱ्यांची उतरंड दिसते. पाटीच्या दगडाची ही खाण १९६९ मध्ये बंद पडली आणि वायव्य वेल्सच्या पाटी-दगडाच्या खाणप्रदेशाचा भाग म्हणून २०२१ मध्ये तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पण वाटेचा उरलेला भाग रुंद, खडबडीत आणि एकसुरी आहे. अर विद्वाला ज्यांमुळे अर विद्वा म्हणावे त्या कड्यांच्या आणि तळ्यांच्या बाजूला तिची पाठ असते. सुट्टीच्या दिवशी माणसांची रांग खालपासून वरपर्यंत तुटत नाही, कारण या डोंगरावर वर्षाकाठी अंदाजे ६ लाख लोक येतात आणि त्यांतला मोठा वाटा इथूनच चढतो. शिवाय ‘सोपी’ हे विशेषण फक्त बर्फ नसतानाचे आहे. हिवाळ्यात क्लॉग्विन स्थानकाच्या वरच्या अंगाला रेल्वेमार्ग कठीण बर्फाखाली गाडला जातो, उताराला पोट सुटते आणि पाय घसरला तर थेट कड्याच्या टोकाकडे ओढ लागते. या टप्प्यावर अनेकांचे प्राण गेले आहेत. बर्फावर चालण्याचे काटे आणि आइस-अॅक्स वापरण्याचा सराव नसेल, तर नोव्हेंबर ते एप्रिल या काळात ही वाट इतर कोणत्याही वाटेइतकीच वर्ज्य समजावी.

पहिल्याच भेटीत अर विद्वाचे खरे रूप पाहायचे असेल तर पेन-अ-पास या खिंडीतून निघणाऱ्या दोन वाटांची जोडी मी निःशंकपणे सुचवेन. पिग वाटेने चढावे आणि मायनर्स वाटेने उतरावे. खिंडच मुळी ३५९ मीटरवर असल्याने दोन्हीकडून चढाई सुमारे ७२३ मीटर उरते. पिगची वाट वाहनतळाच्या मागच्या कोपऱ्यातून निघते आणि पहिल्या दहा मिनिटांतच मोठमोठ्या दगडी टप्प्यांवरून चढू लागते. बुल्ख-अ-मोख या खिंडीत पोहोचले की डावीकडे खाली लिन लदाउ हे लांबट तळे, समोर लिवेडचा काळा कडा आणि त्यामागे शिखराचा त्रिकोण असे सारे दृश्य एकदम उघडते. तिथून पुढे वाट डोंगराच्या कुशीतून तळ्याच्या बरीच वरून आडवी जाते. चढ फार नाही, पण कातळाचे लहान लहान टप्पे वारंवार येतात, काही ठिकाणी हात टेकावे लागतात, आणि असंख्य बुटांनी घासून काही दगड इतके गुळगुळीत झाले आहेत की पावसानंतर त्यांवर पाय ठेवताना तळव्याला पकड लागत नाही. अशा दगडांच्या कडेने, खडबडीत भाग शोधत चालावे.

उतरण्यासाठी मायनर्स वाट सुचवण्याचे कारण याच दगडांत आहे. थकलेल्या पायांनी आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ओला, घासलेला कातळ उतरण्यापेक्षा ग्लासलिनपर्यंतचा तीव्र उतार एकदाच सोसावा आणि मग रुंद, जवळजवळ सपाट रस्त्याने तीन तळ्यांच्या काठाकाठाने परतावे, हे कितीतरी सुखाचे आहे. दोन वाटा ग्लासलिनच्या वर जिथे मिळतात तिथून तळ्यापर्यंतचा हा उतार दगडधोंड्यांचा असून तेवढाच काय तो जपून उतरायचा. ही वाट ब्रिटानिया तांब्याच्या खाणीसाठी बांधली गेली. लिन लदाउच्या पाण्यातून पलीकडे जाणारा दगडी बांध १८५३ सालचा आहे. त्यापूर्वी खनिज डोंगराच्या माथ्याकडच्या खिंडीपर्यंत वर चढवून पलीकडच्या अंगाने घसरगाड्यांवरून उतरवावे लागे, आणि ज्या चढाने आपली छाती भरून येते तो चढ खाणकामगार ओझ्यासह चढत हे तिथे उभे राहून आठवल्यावर त्या पडक्या भिंतींकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. तळ्याकाठी खनिज कुटण्याच्या गिरणीचे छप्पर उडालेले अवशेष अजून उभे आहेत. ग्लासलिनच्या पाण्याला तांब्याच्या अंशामुळे हिरवट निळी झाक आहे आणि ढग सरकतात तशी ती मिनिटामिनिटाला बदलते. जोराच्या पावसानंतर तळे फुगून बांधावर पाणी येते, तेव्हा त्यात उतरण्याचा हट्ट न धरता काठाकाठाने जाणारा फेरा पत्करावा किंवा पिगनेच परतावे.

माथ्याखालच्या बुल्ख ग्लास या खिंडीत ही जोडवाट लानबेरिसच्या वाटेला मिळते. तिथे पुरुषभर उंचीचा एक उभा दगड रोवलेला आहे. चढताना त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही, पण परतताना धुके दाटले असेल तर सारी मदार त्याच्यावर असते. तो नजरेतून निसटला तर रुळांच्या कडेची रुंद वाट आपोआप पाय ओढून घेते आणि माणूस डोंगराच्या दुसऱ्याच अंगाला लानबेरिसमध्ये उतरतो. म्हणून चढतानाच त्या दगडापाशी थांबून मागे वळून पाहावे आणि खाली उतरणाऱ्या पहिल्या पायऱ्या डोळ्यांत साठवून ठेवाव्यात.

बुल्ख-अ-मोखपासून उजवीकडे वर जाणारी एक फाटाही आहे आणि तिच्याविषयी स्पष्ट इशारा देणे मला माझे कर्तव्य वाटते. ती क्रिब गोखला जाते. ९२३ मीटर उंचीची ही धार तिच्या निरुंद माथ्यामुळे ब्रिटनभर प्रसिद्ध आहे. पायाखाली फूट-दोन फूट रुंदीचा कातळ, एका बाजूला सरळ कडा आणि दुसऱ्या बाजूला उभा उतार, असे बरेच अंतर हातापायांनी पार करावे लागते. चढाईच्या भाषेत ती पहिल्या श्रेणीची, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या कठीण नसलेली आहे. हे वाचून आपल्याकडच्या कातळटप्प्यांचा सराव असलेले तरुण तिच्याकडे वळतात. पण हरिहर किंवा कलावंतीणसारख्या ठिकाणी खोदीव पायऱ्या असतात आणि अवघड टप्पा थोडक्यात संपतो. इथे पायऱ्या नाहीत, रेलिंग नाही, मधूनच खाली उतरायला सुरक्षित वाट नाही आणि वारा सुटला तर उभे राहणेही मुश्कील होते. कोरडा, वारा नसलेला दिवस आणि दृष्टिभयाची सवय या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय तिकडे फिरकू नये. फाट्यावर पाटी लावलेली आहे, तरीही पुढच्या लोकांच्या मागे मागे जात चुकून त्या धारेवर पोहोचणारे लोक दरवर्षी असतात.

या जोडवाटेतली सर्वांत मोठी उणीव वाटेवर नसून तिच्या पायथ्याशी आहे. पेन-अ-पासचा वाहनतळ लहान आहे, हंगामात जागा आधी आरक्षित करावी लागते, दर चांगलाच चढा आहे आणि आरक्षणाशिवाय आलेल्या गाड्या परत पाठवल्या जातात. रस्त्याच्या कडेला गाडी लावली तर ती उचलून नेली जाते, आणि अरुंद घाटरस्त्यावर रुग्णवाहिकेलाही वाट मिळायला हवी हे लक्षात घेता ही कडक शिस्त मला योग्यच वाटते. याला उपाय म्हणजे ‘शेर्पा अर विद्वा’ या नावाने चालणारी बससेवा. लानबेरिस, नांत पेरिस, बेटुस-अ-कोइड आणि बेद्गेलर्ट या बाजूंनी ती पायथ्यांना जोडते. नांत पेरिसच्या मोठ्या वाहनतळावर गाडी ठेवून बसने खिंडीत यावे. बसमुळे आणखी एक मोठी सोय होते, ती म्हणजे एका वाटेने चढून डोंगराच्या दुसऱ्या बाजूला उतरता येते आणि परत गाडीपाशी येण्याची चिंता उरत नाही. मात्र संध्याकाळच्या शेवटच्या फेरीची वेळ हंगामानुसार बदलते, ती सकाळीच पाहून ठेवावी. पेन-अ-पासहून मैलभर खाली पेन-अ-ग्वरिड नावाचे जुने हॉटेल आहे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या चमूने तिथे मुक्काम करून याच डोंगरांत सराव केला आणि ऑक्सिजनची उपकरणे पारखली. तिथल्या छतावर तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांच्या सह्या जपून ठेवल्या आहेत. डोंगरांची आवड असलेल्या माणसाने त्या पाहण्यासाठी वेळ काढावा असे मी आग्रहाने सांगेन.

गर्दीचा ज्यांना मनापासून त्रास होतो त्यांनी डोंगराची पश्चिम बाजू गाठावी. माझी स्वतःची आवडती वाट तिथलीच, रीद-दी या खेड्यातून निघणारी. चढाई ८९५ मीटरच्या आसपास असूनही सुरुवातीचा निम्मा भाग गवताळ माळावरून, मेंढ्यांच्या कुरणांतून आणि दगडी गडग्यांमधून इतका सावकाश चढतो की बोलत बोलत चालता येते. नंतर वाट लेखोगच्या कड्याच्या काठाला लागते. डावीकडे कड्याखाली खोल कूम, म्हणजे हिमनदीने कोरलेली डोंगरातली घळ, आणि पाठीमागे लीन द्वीपकल्पाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला समुद्र, असे दृश्य शेवटपर्यंत सोबत राहते. बुल्ख मेन या अरुंद सोंडेवर थोडे सावध व्हावे लागते. वाट नीट आखलेली आहे, पण दोन्ही बाजूंचा उतार नजरेत भरतो आणि वाऱ्याच्या दिवशी तो जास्तच जाणवतो. स्वच्छ हवेत या सोंडेवरून अँगलसी बेट आरशासारखे सपाट दिसते आणि क्वचित आयर्लंडच्या डोंगरांची रेघही दिसते. उतरण्यासाठी स्नोडन रेंजर वाट घेता येते. ती जुनी वाट लिन क्वेलिन तळ्याकाठच्या वसतिगृहापाशी उतरते. वरचा भाग घसाऱ्याचा आणि खालचा भाग नागमोडी गवताळ आहे, आणि मधे क्लॉग्विन दिर आर्दी या काळ्या कड्याचे दर्शन घडते. दोन्ही पायथ्यांना वेल्श हायलँड रेल्वेची छोटी स्थानके आहेत. कारनार्व्हनहून पोर्थमाडॉगला जाणाऱ्या या ४० किलोमीटरच्या अरुंदमापी मार्गावर वाफेची इंजिने चालतात, आणि त्यांतली काही मँचेस्टरमध्ये बांधली जाऊन आधी दक्षिण आफ्रिकेत धावलेली आहेत. दिवसाला फेऱ्या मोजक्या असल्याने चढाईच्या वेळेचे गणित तिच्याशी जुळवणे कठीण जाते, पण सकाळी या रेल्वेने येऊन चढणे आणि संध्याकाळी बसने परतणे सहज जमते.

नांत ग्विनांत खोऱ्यातून निघणारी वॉटकिन वाट सहांमध्ये सर्वांत जास्त, सुमारे १,०१५ मीटर चढायला लावते. रेल्वे उद्योजक सर एडवर्ड वॉटकिन यांनी ती बांधवून घेतली आणि १८९२ मध्ये वयाची ऐंशी ओलांडलेले पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या हस्ते ती खुली झाली. ज्या कातळावर उभे राहून त्यांनी जमावापुढे भाषण केले तो आजही वाटेवर आहे आणि त्यावर तशी पाटीही आहे. वाटेचा पहिला तृतीयांश भाग ओकच्या झाडीतून, धबधब्यांच्या आणि नितळ डोहांच्या कडेने जातो. गरम दिवशी लोक तेवढ्यासाठीच इथे येतात आणि मुलांना घेऊन आलेल्यांनी तिथवर येऊन परतले तरी दिवस सार्थकी लागतो. शेवटचा भाग मात्र सुट्या घसाऱ्याचा, तिरपा आणि तीव्र आहे. पाऊल टाकले की अर्धे मागे येते आणि वरून येणाऱ्यांच्या पायांनी दगड सुटतात. चढताना तो सोसवतो, पण उतरण्यासाठी ही वाट मी कोणालाच सुचवणार नाही.

या सर्व वाटांवर जाणवणारी आणि माझ्या मते भरभरून दाद देण्याजोगी एक गोष्ट म्हणजे त्यांची देखभाल. वरवर पाहता या पायऱ्या निसर्गतः पडलेल्या दगडांच्या वाटतात. वाकून पाहिले की कळते, प्रत्येक दगडाचा मोठा भाग जमिनीत उभा पुरलेला आहे, वर फक्त त्याचे टोक आहे, शेजारचा दगड त्याला घट्ट भिडवलेला आहे आणि दर काही पावलांवर वाटेला तिरपी छेदणारी दगडी पन्हळ पाणी बाजूला काढून देते. सिमेंटचा वापर दिसत नाही. पाणी वाटेवरून वाहू लागले की माती जाते, माती गेली की लोक कडेच्या गवतावरून चालतात आणि वाट रुंदावत डोंगराला जखम होते. या पन्हळी तेच रोखतात. दगड हेलिकॉप्टरने वर आणून हातांनी बसवले जातात. वॉटकिन वाट ज्या हाफोद-अ-लान शेतीच्या जमिनीतून जाते ती जमीन नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने १९९८ मध्ये लोकवर्गणीतून विकत घेतली आणि त्यासाठी वेल्समध्ये जन्मलेले अभिनेते अँथनी हॉपकिन्स यांनी १० लाख पौंड दिले. आपल्या गडवाटांवर संवर्धनाच्या नावाखाली सिमेंटच्या पायऱ्या आणि लोखंडी कठडे उभे राहताना पाहणाऱ्या माणसाला हे काम पाहून हेवा वाटतो, आणि आपल्या दुर्गसंवर्धकांपैकी कोणी तरी इथे येऊन ही पद्धत शिकून जावी असे फार वाटते. डोंगरावर प्रवेशशुल्क नाही, वाटाड्या घेण्याची सक्ती नाही, कठडे नाहीत. वाट उत्तम राखून पुढचा निर्णय चालणाऱ्याच्या जाणतेपणावर सोपवला आहे.

हा जाणतेपणा कमी पडला तर धावून येतात ते स्वयंसेवक. लानबेरिसचे गिरिबचाव पथक ब्रिटनमधल्या सर्वांत व्यग्र पथकांपैकी एक आहे, त्यातले सदस्य विनावेतन काम करतात आणि सुटकेसाठी कोणतेही पैसे घेतले जात नाहीत. मदतीसाठी ९९९ फिरवून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू असे मागावे लागते. बऱ्याच घळींमध्ये फोनला पुरेसे संकेत मिळत नाहीत, म्हणून ९९९ वर लघुसंदेश पाठवण्याची सोय घरूनच नोंदवून ठेवावी. कधी कधी बोलणे होत नाही तिथे संदेश पोहोचतो.

माथ्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. २००९ मध्ये उघडलेली हाफोद एररी ही दगड आणि काचेची इमारत रेल्वे माथ्यापर्यंत येते त्या हंगामातच खुली असते, तेव्हा चहा, खाणे आणि स्वच्छतागृह यांची भिस्त तिच्यावर ठेवू नये. सॅकमध्ये पोळीभाजीची गुंडाळी आणि दोन लिटर पाणी असावेच. शनिवार-रविवारी शिखराच्या चौथऱ्यावर छायाचित्रासाठी रांग लागते. ती टाळायची असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी यावे, किंवा जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही संधिप्रकाश रेंगाळतो त्याचा फायदा घेऊन दुपारी उशिरा चढायला लागावे. दुसऱ्या पर्यायात बस मिळणार नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

अर विद्वावरच सारे लक्ष खिळल्यामुळे मराठी गटांच्या बेतांतून जे निसटते, ते म्हणजे ऑग्वेन खोरे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या, सुमारे २,१३० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात एकच दिवस मिळत असेल आणि बरोबर लहान मुले किंवा आईवडील असतील, तर मी त्यांना शिखराऐवजी कूम इडवालला नेईन. ऑग्वेनच्या माहिती केंद्रापासून निघून लिन इडवाल तळ्याला वळसा घालून परत येणारी ही वाट पाचेक किलोमीटरची आहे. बहुतेक ठिकाणी फरसबंद, एका टोकाला थोडी चढणीची. तिन्ही बाजूंनी कडे, मधे तळे आणि समोर काळी चीर पाडल्यासारखी ट्विल दी ही घळ. १८३१ मध्ये तरुण चार्ल्स डार्विन भूशास्त्रज्ञ अॅडम सेजविक यांच्यासोबत इथे आले, दगडांतले जीवाश्म शोधत राहिले आणि हिमनदीच्या खुणा त्यांच्या लक्षात आल्या नाहीत. १८४२ मध्ये परतल्यावर त्यांना त्याच जागी त्या खुणा लख्ख दिसल्या. तळ्याकाठच्या मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या, टेकड्या, ओरखडे पडलेले कातळ आणि वरून वाहत येऊन थांबलेले अजस्र दगड आज माहितीफलकांमुळे आपल्याला ओळखता येतात, आणि मुलांना भूगोल शिकवण्यासाठी यापेक्षा चांगली जागा मी पाहिलेली नाही. १९५४ मध्ये वेल्समधले पहिले राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून याच घळीची निवड झाली. मेंढ्यांची चराई थांबवल्यामुळे कड्यांखाली हेदर आणि रोवनची रोपे पुन्हा वर येताना दिसतात. मे-जूनमध्ये वरच्या ओल्या कपारींत ‘स्नोडन लिली’ हे नाजूक पांढरे फूल येते. ब्रिटनमध्ये ते फक्त याच डोंगरांत उरले आहे, पण हिमालयातही उगवते. ते पाहण्यासाठी कड्यावर चढू नये, दुर्बीण न्यावी.

त्याच खोऱ्यात ट्रव्हन उभा आहे. ९१७.५ मीटरच्या या डोंगराला हात न लावता माथा गाठता येईल अशी सरळ वाट नाही, आणि उत्तरेच्या सोंडेने चढताना प्रत्येक टप्प्यावर वाट स्वतः शोधावी लागते. सह्याद्रीत सुळक्यांच्या पायथ्याशी वावरलेल्या, प्रस्तरारोहणाची थोडी जाण असलेल्या गटाला एररीत सर्वाधिक आनंद देणारा डोंगर हाच आहे असे मला वाटते. इथला कातळ खडबडीत आहे, हाताला भरपूर पकड देतो आणि आपल्या बेसाल्टसारखा ठिसूळ नाही. माथ्यावर आदम आणि ईव्ह म्हणून ओळखले जाणारे दोन उभे दगड आहेत. एकावरून दुसऱ्यावर उडी मारण्याची जुनी प्रथा आहे, पण पूर्वेला लगेच खोल कडा असल्याने ती उडी पाहण्यातच समाधान मानावे. ओल्या दिवशी किंवा ढग खाली आलेले असताना उत्तर सोंड टाळावी, कारण उतरण्याच्या वाटेबाबत धुक्यात फार गफलत होते.

उद्यानाच्या दक्षिण टोकाला, दोल्गेथ्लाय गावाजवळ असलेला ८९३ मीटरचा कादेर इद्रिस मी शेवटी ठेवला, कारण तिथे पोहोचायला आणखी तासाभराचा प्रवास लागतो. मिनफोर्ड वाटेने चढायला सुरुवात केली की लगेच ओकच्या जंगलातून ओढ्याच्या कडेने उभ्या दगडी पायऱ्या लागतात. पहिला अर्धा तास दम काढतो, त्यामुळे अनेकजण इथेच नाउमेद होतात. पण झाडी संपली की वाट सौम्य होते आणि मुख्य वाटेवरून थोडे उजवीकडे वळले की लिन काउ तळे येते. काळ्याभोर कड्यांच्या पुढ्यात इतके बंदिस्त, इतके शांत तळे संपूर्ण एररीत दुसरे नाही. तळ्यावरून परत मुख्य वाटेला लागून कड्याच्या काठाने अर्धवर्तुळ करत शिखर गाठावे आणि मिनिद मोइलवरून उतरत फेरी पुरी करावी. ही फेरी सुमारे दहा किलोमीटरची असून मिनिद मोइलवरून खाली येणारा उतार सुट्या दगडांचा आणि तीव्र आहे, गुडघे कमजोर असलेल्यांनी आल्या वाटेनेच परतावे. या डोंगरावर जो रात्र काढतो तो सकाळी कवी होऊन किंवा वेडा होऊन उठतो, अशी तिथली जुनी समजूत आहे. शिखराजवळ दगडांची बुटकी झोपडी आहे, वाऱ्यापावसात जेवायला बसण्यासाठी ती उत्तम. तिथे ना उपाहारगृह आहे, ना रेल्वे, ना छायाचित्रासाठी रांग. सप्टेंबरच्या मध्यात, शाळा सुरू झाल्यावर आणि ओकची पाने गळण्यापूर्वी, आठवड्यातल्या एखाद्या कोरड्या दिवशी ही फेरी करावी. खालचा वाहनतळ तेव्हा सकाळी नऊपर्यंत निम्मा रिकामा असतो.